दोन तारा

मिरचीच्या हंगामात नंदुरबारला
सगळे एकाच भाषेत शिंकतात.
मार्केटच्या गेटपासून पार पेट्रोल पंपापर्यंत
टेम्पो, बैलगाड्या, मध्येच एक रिक्षा गोणी लादलेली,
आणि माझं ॲप
हिलाल आप्पांच्या फोनवर
गोल गोल फिरत बसलेलं.

वजन टाका, पावतीचा फोटो काढा, पाठवा.
एवढंच तर होतं.
पण फोटो वर चढेपर्यंत पडदा थिजायचा.
आप्पा बोटाने टोकरायचे,
मग नखाने,
मग माझ्याकडे बघायचे.
मागच्या टेम्पोने हॉर्न दिला,
त्याच्या मागच्याने शिवी.

"व माय, ठेव ते तुनं खेळणं,"
म्हणत त्यांनी टेबलाखालून काढल्या
लाकडाच्या ठोकळ्यात रोवलेल्या दोन तारा.

गाडी आली की चिठ्ठी, डाव्या तारेवर खच्चकन.
नाव, गाव, "हां, पुढे."
उठणं नाही, गोणी बघणं नाही.
"जो खिडकीवर बठस, तेनी गोदाममा जावानं नही."

मी रिकाम्या बारदानावर बसून राहिले तीन तास.

हमाल चार. जो मोकळा, तो खिडकीशी येणार.
पण डाव्या तारेवर पहिला आलेला
सगळ्यात खाली दबलेला.
तर आप्पा एकेक चिठ्ठी उपसून
उजवीवर टोचत जातात, आणि पहिला येतो वर.
उजवी संपल्याशिवाय
डावीला पुन्हा हात नाही.

धुळ्याला दुसऱ्या वर्षाच्या पेपरात
हाच प्रश्न होता मला, सात मार्कांचा.
चार मिळाले होते.

रूपसिंग आधी गेला, चाळीस गोण्यांवर.
कोमा नंतर गेला, दोन गोण्यांवर, आणि आधी परतला.
आप्पांना त्याचं काही नाही.
फक्त वहीत लिहिणार ते एकटेच.
एका साली दोघांनी एकाच ओळीवर आकडा घातला,
सत्तर किलो मिरची हवेत गेली,
तेव्हापासून पेन एकच,
तोही सुतळीने टेबलाला बांधलेला.

आणि ती दुपार तर अजून सांगतात,
रूपसिंगकडे आकडा, कोमाकडे काटा.
हा म्हणे काटा दे मग आकडा सोडतो,
तो म्हणे आकडा दे मग काटा.
दोघंही बरोबर होते.
ऊन उतरेपर्यंत बरोबर होते.

रात्री खोलीवर लाल झालेले डोळे धुऊन बसले.
फोटोला म्हटलं, तू मागे जा, हमालांच्या रांगेत.
वर चढलास की नुसता निरोप धाड,
वहीत टिक मी खिडकीवरूनच करीन.
पहिल्यांदा चुकलंच.
सवयीने एका ठिकाणी लिहून गेले, काम होईपर्यंत थांब,
आणि खिडकीवरचाच माणूस
स्वतःच्या खिडकीपुढे जाऊन रांगेत उभा राहिला.
एक वाजला होता. समोरच्या लॉजचा कुत्रा
माझ्यावरच भुंकत असावा.

सकाळी नेटवर्क गेलेलं.
अकरा फोटो मागे ताटकळत,
पण पडदा हलत होता. नाव, गाव, पुढे.
आप्पांनी नखाने टोकरून पाहिलं,
काही बोलले नाहीत.
चिठ्ठ्या मात्र टोचतच राहिले.
"लाईट जास," एवढंच.

पथारीवरून जयवंती वसावे आली,
देठ खुडून बोटं भाजलेली,
पदराने नाक झाकून वाकली फोनवर.
"ताई, आम्ही किलोवर खुडतो.
आमचं नाव कोणत्या तारेला?"

मी शोधलं. वजन, गाडी, व्यापारी, हमाल.
देठांचा रकाना मी केलाच नव्हता.
पडदा चालू होता, मजेत,
बारावी गाडी आत घेत.

ती थोडा वेळ थांबली.
मग पाटी कमरेवर मारून
शिंकत गेली उन्हात,
जिथे अजून निम्मी पथारी
खुडायची होती.